टिटवी मॅडमनी सजवलेलं बीळ

एका जंगलात, बाळांनो, एक बीळ विकायला निघालं होतं. जंगलात कुठे घरं विकतात का, असं विचारू नका. विकतात. तुमचे आईबाबा रविवारी नवे कपडे घालून लोकांचे फ्लॅट बघायला जातात ना, तसंच ते असतं. फक्त जंगलात पार्किंगवरून भांडणं होत नाहीत.

हे बीळ होतं दादबा साळिंदराचं. साळिंदर म्हणजे पाठीवर लांब काळेपांढरे काटे असलेला प्राणी. दादबा आणि त्याची बायको हौसा यांचा सगळा संसार ह्याच बिळात झाला होता.

बीळ कसं होतं ते सांगतो. दारात गळून पडलेल्या काट्यांचा खच. आत कंदांच्या साली. मधोमध सांबराचं एक जुनं शिंग. साळिंदरांना शिंगं कुरतडायला लागतात, त्याशिवाय त्यांचे दात ताळ्यावर राहत नाहीत. त्यांची लेक गिरजा लहानपणी ह्याच शिंगावर दात घासत असे. पुढे ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिच्या पोरानेही तेच शिंग कुरतडलं. आणि सगळ्या बिळाला साळिंदरांचा वास होता. ओलं गोणपाट वाळत घातल्यासारखा. त्या वासावरून आणि काट्यांवरून वाटसरूंना कळायचं की इथे कोण राहतं. नको ते पाहुणे लांबूनच जायचे.

एवढं चांगलं बीळ विकायचं कशाला? तर गिरजाला पुन्हा दिवस गेले होते. ती दिली होती ओढ्यापलीकडच्या टेकडीवर. तिने निरोप धाडला, "आई, यंदा तू जवळ पायजे."

आता जावयाच्या घरात जाऊन कसं राहायचं? हौसा तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. पण त्याच टेकडीवर एक छोटं बीळ रिकामं होतं. म्हणून दोघांनी ठरवलं, की हे बीळ विकायचं, येतील त्या कंदांत ते छोटं बीळ घ्यायचं, आणि गिरजाचे दिवस भरायच्या आत तिच्या शेजारी जाऊन राहायचं. साधा हिशेब होता. साध्या हिशेबाचं पुढे काय होतं, ते तुम्ही मोठे झालात की कळेल.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते कोंडाबाई मुंगूस. बरोबर तिची पोरं. पोरं आत शिरली आणि थेट शिंगावर चढली. कोंडाबाईने भिंती हुंगल्या, कोपरे हुंगले, छताची माती नखाने खरवडून बघितली.

"नांदतं घर हाय," ती म्हणाली. "वास बरा हाय. धन्यास्नी इचारते आन् येते."

ती गेली. हौसाला इतका आनंद झाला, की ती मनातल्या मनात गिरजाच्या बाळाला न्हाऊ घालायला लागली.

तेवढ्यात बाहेर टीटीव टीटीव असा आवाज झाला आणि टिटवी मॅडम उतरल्या.

टिटवी मॅडमना जंगलात कोण ओळखत नसे? घर विकायला काढलं, की ते सजवून द्यायचं, हा त्यांचा धंदा. त्यांचं स्वतःचं घर नव्हतं. टिटव्या घर बांधत नाहीत. उघड्या माळावर चार खडे बघून त्यातच अंडी घालतात. त्यालाच मॅडम 'मोकळी रचना' म्हणत. ज्याने कधी घर केलं नाही त्यालाच घराकडे तटस्थपणे बघता येतं, असंही त्या म्हणत, आणि ऐकणारे माना डोलवत.

"त्या बाई काय म्हणाल्या जाताना?" मॅडमनी विचारलं.

"धन्याला इचारून येते म्हनाल्या," दादबा म्हणाला.

मॅडम हसल्या. "घरी विचारून सांगते म्हणजे काय, माहीत आहे ना? म्हणजे नको. चांगल्या घरची आहे म्हणून तोंडावर बोलली नाही. अहो, असं दाखवतात का घर?"

आणि मॅडम आत आल्या. एका पायावर उभं राहून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. हौसाला आपलं घर एकाएकी फार गचाळ वाटायला लागलं. इतकी वर्षं तिला ते तसं कधीच वाटलं नव्हतं.

"हे काय आहे?"

"शिंग हाय. आमच्या गिरजाचे दात..."

"बाहेर."

"पर मॅडम, आमची गिरजा..."

"हौसाबाई, बघायला येणाऱ्याला इथे त्याची लेक दिसली पाहिजे. तुमची नाही. तुम्ही इथे राहता हे कळता कामा नये. तुम्ही दिसलात, की घर संपलं."

हे वाक्य हौसाला कळलं नाही. न कळलेलं वाक्य खूप शहाण्यासारखं वाटतं. तिने मान डोलावली.

मग कामाला सुरुवात झाली. शिंग करवंदीच्या जाळीमागे गेलं. साली गेल्या. दारातले काटे झाडून टाकले, कारण ते 'अंगावर येतात' असं मॅडमचं मत पडलं. दादबाने ओढ्यावरची पांढरी वाळू आणून जमिनीवर पसरली. हिरव्या शेवाळाचं बिछान्यासारखं काहीतरी केलं, पण त्यावर झोपायला बंदी. पानावर लालचुटूक बोरांची रास मांडली, पण ती खायला बंदी.

"मग बोरं कशापायी?" दादबाने विचारलं.

"बघायला."

दादबा आयुष्यभर बोरं खात आला होता. बघायची बोरं त्याने पहिल्यांदाच बघितली.

बाळांनो, तुम्ही कधी सॅम्पल फ्लॅट बघितलाय? तिथल्या टेबलावर ताटं असतात, वाट्या असतात, घडी घातलेले रुमाल असतात. फक्त जेवण नसतं. तिथे कुणाच्या ओल्या चड्ड्या वाळत नसतात, फ्रीजवर औषधांच्या बाटल्या नसतात. तरी आईबाबा बाहेर येऊन म्हणतात, "इथे राहायला किती छान वाटेल." दादबाचं बीळ तसं झालं.

राहिला वास. मॅडमनी नाकाला पंख लावला. "ह्याचं काहीतरी केलं पाहिजे."

त्यांनी केवडा आणवला. केवड्याची पाती भिंतींना घासली, दाराशी कणीस उभं केलं. बीळ असं घमघमलं, की दादबाला आपलंच दार ओळखू येईना. केवड्याच्या वासाला कोण येतं म्हणतात, ते तुमच्या आजीला विचारा. मॅडमना ते माहीत नव्हतं. माळावर केवडा नसतो.

शेवटी मॅडमची नजर घरमालकांवर गेली.

"तुमचे हे काटे."

"त्यांचं काय?"

"सारखे उभे राहतात. गिऱ्हाईक दचकतं. अंगाला ओल्या मातीचा लेप द्या, म्हणजे पडून राहतील. आणि घरात थांबायचं नाही. वाळूवर पावलं उठतात. घर विकेपर्यंत त्या जाळीत बसा. हलू नका, लेप तडकतो."

तर असं झालं, की स्वतःचं धडधाकट घर समोर असताना दादबा आणि हौसा अंगाला चिखल फासून जाळीत जाऊन बसले. पोटात भूक. समोर बोरांची रास. हौसा कधी घराकडे बघायची, कधी ओढ्यापलीकडच्या टेकडीकडे. गिरजाचे दिवस भरत आले होते.

आणि एका सकाळी कोंडाबाई मुंगूस परत आली.

घरी विचारून येते म्हणजे नको, हे मॅडमना माहीत होतं. कोंडाबाईला माहीत नव्हतं. तिने खरोखरच घरी विचारलं होतं. बरोबर नवरा होता, पोरं होती, आणि सगळ्यांच्या पाठीवर कंदांची ओझी होती.

ती दाराशी आली आणि थबकली. तिने जमीन हुंगली, हवा हुंगली. मुंगूस डोळ्यांनी घर ओळखत नाही, नाकाने ओळखतं. आणि नाकाला केवड्याशिवाय काही लागेना.

"इथंच कुठंतरी एक घर व्हतं," ती मॅडमना म्हणाली. "दारात काटं व्हतं. आत शिंग व्हतं. पोरांनी लई धोसरा काढलाय त्या शिंगाचा."

मॅडमनी तिच्या धुळकट पोरांकडे बघितलं. मग पांढऱ्या वाळूकडे बघितलं.

"तसलं घर इथे नाही," त्या म्हणाल्या. आणि बाळांनो, ते खोटं नव्हतं. तसलं घर आता तिथे नव्हतंच.

जाळीत हौसा तळमळली. "अवं, कोंडाबाई आलीय. कंद घेऊन आलीय. हाक मारा की."

"गप बस," दादबा कुजबुजला. "मॅडम बोलतायत नव्हं? त्यांना कळतं. आन् हलू नगंस, लेप तडकंल."

हौसा हलली नाही. नवऱ्याचं ऐकायची तिला सवय होती, आणि नवऱ्याला मॅडमचं ऐकायची सवय नुकतीच लागली होती. कोंडाबाई इकडेतिकडे हुंगत राहिली, मग पोरांना गोळा करून ओझ्यांसकट ओढ्याकडे निघून गेली.

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, दुसरं गिऱ्हाईक आलं.

ते एकटंच होतं. लांबसडक, काळंभोर, चालण्याचा आवाज नाही. गवतातून ते केवड्याच्या वासाच्या मागोमाग आलं आणि दाराशी येऊन नम्रपणे थांबलं.

"घर बघायला मिळेल का?" नागोबांनी विचारलं.

मॅडम खूश झाल्या. पोरं नाहीत, ओझी नाहीत, भाषा स्वच्छ. "या ना. अगदी आरामात बघा."

नागोबा आत गेले. पांढऱ्या वाळूवर पाऊल उठलं नाही, कारण त्यांना पाऊल नव्हतं. मॅडमना ते फारच आवडलं. त्या दारातूनच सांगत होत्या, "इकडे मोकळी जागा. हा आरामाचा कोपरा. आधी कोण राहत होतं ते कळतसुद्धा नाही बघा."

"नाही कळत," नागोबा आतून म्हणाले. "मागे मी ह्या वाटेने जायचो, तेव्हा इथे दारात काटे असायचे. वास पण यायचा. आत डोकवायची हिंमत नाही झाली. आता किती प्रसन्न वाटतं."

"आवडलं ना?"

"आवडलं."

"मग राहायला कधी येताय?"

शेवाळाच्या बिछान्यावर नागोबांनी वेटोळं घातलं. ज्या बिछान्यावर कुणी झोपायचं नव्हतं, त्यावर ते ऐसपैस पसरले.

"आलोच आहे," ते म्हणाले.

दादबा जाळीतून धावत आला, मागोमाग हौसा. "मालक, कंदांचं कसं करायचं?"

"मी कंद खात नाही," नागोबा म्हणाले, आणि त्यांनी फणा काढला.

साळिंदराच्या घरात कुणी घुसलं, तर साळिंदर काय करतो? तो पाठ फिरवतो, काटे उभारतो, खडखड वाजवतो आणि उलटा चालून जातो. मग भले भले पळतात. दादबाने पाठ फिरवली. काटे उभारायचा प्रयत्न केला. हौसानेही केला. पण वाळलेल्या लेपाखाली एकही काटा हलेना. मॅडमचं काम पक्कं असायचं.

दोघं आपल्याच दारात, पाठमोरी, पाटासारखी सपाट उभी राहिली. आतून नागोबांनी विनंती केली, की उजेड अडतोय, जरा बाजूला व्हाल का. दोघं बाजूला झाली.

"मॅडम, आता वो?" हौसाने विचारलं.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "पहिल्याच पाहणीत घर गेलं." आणि ही बातमी सांगत त्या टीटीव टीटीव करत साऱ्या जंगलावरून उडत गेल्या. त्या दिवसापासून त्यांच्याकडे कामाची रीघ लागली.

दादबाने जाळीमागचं शिंग उचललं. तेवढंच उरलं होतं. नवराबायको ओढ्यात उतरली. चिखल धुतला गेला, काटे मोकळे झाले, खडखड वाजायला लागले. पण आता वाजवायचे कुणासमोर?

टेकडीवर ते छोटं बीळ होतं. त्याच्या दारात कोंडाबाईची पोरं खेळत होती. शिंगवालं घर सापडलं नाही, म्हणून तिने ओझी तिथेच उतरवली होती. हौसाने तिच्याकडे बघितलं नाही.

मग जे कधी करायचं नाही असं ठरलेलं होतं, तेच करावं लागलं. दोघं जावयाच्या दारात उभी राहिली. हौसा लेकीच्या घरचं पाणी डोळे मिटून प्यायली.

त्याच आठवड्यात गिरजा बाळंत झाली. आई उशाशी होती. गिरजाने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल?

"आई, शिंग आणलंस?"

हौसाला रडू आलं. तिने ते लपवलंही नाही. शिंग कोपऱ्यात ठेवलं होतं आणि गिरजाचा थोरला त्यावर करकर दात घासत होता. घर गेलं ते गेलं, पण नांदतं घर म्हणजे काय, ते आता आपल्याला कळलं, असं दादबाला वाटलं. त्याला फार हलकं वाटलं. किती तरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

तेवढ्यात गिरजाची सासू आत आली. दोन्ही हात पदराला पुसत ती जरा संकोचाने म्हणाली, "इहीनबाई, राग नका मानू. आमी बी हे बीळ इकायचं म्हनतोय. तुमचं कसं, बघता बघता गेलं. उद्या टिटवी मॅडम यायच्या हायेत. तेवढं शिंग भायेर ठेवता का? आन् तुमी दोघं बी, जरा जाळीत बसाल का?"

तात्पर्य : घर असं सजवावं, की बघायला आलेला परत जाऊ नये. कुणाला जावंच लागलं, तर घरमालकाने जावं.