नवे चेंडू जुने करण्याची दुपार

क्रीडा विभागाचे अधिकारी आज दुपारीच तपासणीला येणार असल्याचा फोन आला आणि मुख्याध्यापिकाबाईंनी घाईघाईने कार्यालयातले कपाट उघडले. गेल्या वर्षी शाळेला मिळालेले फुटबॉल, बॅटी आणि रॅकेटी आत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जशाच्या तशा होत्या. नेमके तेच आता अंगाशी येणार होते. कारण न वापरलेले साहित्य उचलून दुसऱ्या शाळेला द्यायचे, असा नियम होता.

वर्षभर एकाच फाटक्या चेंडूवर अख्खी शाळा खेळवून क्रीडाशिक्षक बोलण्यापलीकडे गेले होते. बाईंच्या लहानपणी शाळेत खेळायला काहीच नव्हते, म्हणूनच तर हे सामान त्यांनी पोटच्या पोरासारखे जपले होते.

त्यांनी सगळ्यांना कामाला लावले. कारकुनाने बॅटी पायरीवर आपटल्या. चित्रकलेच्या सरांनी चेंडूंवर चिखलाचे डाग इतक्या कौशल्याने रंगवले की ते आणखीच देखणे दिसू लागले. सुतारकामाच्या सरांनी पॉलिशपेपरने घासून एका फुटबॉलला भोकच पाडले.

"बाई, मुलांना द्या," क्रीडाशिक्षक शेवटी म्हणाले. "तासाभरात जुनं करतील."

"पोरं खराब करून ठेवतील हो."

"तेच तर हवंय ना आपल्याला?"

हे पटायला बाईंना थोडा वेळ लागला. मग मैदान असे गजबजले की अधिकारी आत आले तेही कुणाला कळले नाही. बाई कडेला उभ्या राहून "हळू रे, हळू" म्हणत होत्या. इतक्यात एक चेंडू घरंगळत त्यांच्या पायाशी आला. तो उचलून पुसावा असाच त्यांचा विचार असावा. पण मुलांनी गलका केला, "बाई, मारा, मारा," आणि बाईंनी मारला. गोलरक्षकाच्या बगलेखालून चेंडू थेट जाळीत गेला. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सामान शाळेकडेच राहील असे सांगून ते निघून गेले.

संध्याकाळी क्रीडाशिक्षकांनी साहित्य कार्यालयात आणून ठेवले. आता पुन्हा कुलूप, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. बाईंनी एकेक चेंडू पुसून आत ठेवला, कपाट बंद केले, किल्ली फिरवली आणि आवाज उतरवून विचारले, "सर, माझा गोल धरला ना?"

हो म्हणणे सोपे होते. पण आयुष्यभर त्यांनी प्रामाणिकपणे पंचगिरी केली होती.

"नाही धरता येत, बाई. तुम्ही रेषेबाहेर होतात."

बाईंनी कुलपातली किल्ली काढून घेतली. मग ती टेबलावरून सरांपुढे सरकवत म्हणाल्या, "उद्या परत काढा सगळं. मी आत उभी राहते."