हिरव्या कोटाच्या मोहिमेची हकीकत

आज्ञा जाहली जे, हिरवा कोट थोरल्या वहिनीसाहेबांचे हाती कैसा आला आणि त्या कामी कोणाचे काय गेले, हे साद्यंत लिहोन ठेवावे, म्हणजे पुढे घरात कोणी उलटे बोलू नये. त्यावरून जे समक्ष घडले ते, आणि जे दाराआडून ऐकू आले तेही, पदरचे न घालता लिहिले आहे. घातले असल्यास शोभेपुरते.

थोरल्या वहिनीसाहेब दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीचा कारभार बहुत वर्षे करीत होत्या. तेथील व्यवस्थापकाची जागा रिकामी जाहली, आणि सोमवारी सकाळी मोठ्या डॉक्टरांसमोर मुलाखतीस हजर व्हावे ऐसा हुकूम आला. जागा मिळाली तर आतले दालन, आपले मेज, आपले दार. न मिळाली तर काल शिकाऊ म्हणोन आलेली पोर वर बसणार, आणि वहिनीसाहेबांनी तिला उठोन वाट द्यावी, ऐसा बाका प्रसंग. मग वहिनीसाहेबांनी कपाट उघडून फौजेची मोजदाद केली, तो वरचा कप्पा अंगावर आला इतकी फौज, आणि कामाची असामी एक नाही. काही कपडे होत नव्हते, काही 'बारीक झाल्यावर होतील' या उमेदीवर बसोन फुकट वतन खात होते, आणि जे होत होते ते अवघ्या दवाखान्यास तोंडपाठ. धड म्हणावा ऐसा अंगातला निळा सदरा तो एकच. नवे घ्यावे म्हणोन अर्ज गेला, तेव्हा त्यांचे यजमान दादासाहेब यांनी कपाटाकडे नजर टाकोन फर्माविले जे, "एवढं असताना? दार लागत नाही त्याचं!" तेणेकरून अर्ज खारीज जाहला.

इतक्यात धाकट्या जाऊबाईंचा खलिता फोनवर दाखल जाहला जे, रविवारी दुपारी आमचे घरी कपड्यांची अदलाबदल आहे. आपले नको ते आणावे, दर नगास वाळत घालायचा एक चिमटा घ्यावा, आणि मनास येईल त्या कपड्यास तो लावावा. लागला तो लागला, काढणे नाही. चिमट्यांची टोपली सासूबाईंचे मांडीवर, आणि निवाडाही त्यांचाच.

वहिनीसाहेबांनी कपाटातले उमेदवार आणि तोंडपाठ, ऐसे सारे कैद केले, पोती भरली, आणि निळा सदरा अंगात घालोन स्वारी निघाली. दाखल होताच मूठभर चिमटे वसूल केले. आणि मग तीच चूक जाहली, जी घाईच्या सरदारांकडोन नेहमी होते. पलंगावर कपड्यांचा डोंगर, भोवती दहा हात, आणि कोणी आपल्याआधी नेईल या धास्तीने वहिनीसाहेबांनी माप न पाहता, बाही न उलगडता, दिसेल तिथे चिमटा लावीत चाल केली, आणि क्षणात चिमट्यांची अवघी फौज चोहीकडे पांगली. त्यातला एक नग नक्षीदार म्हणोन हिसकून घेतला, त्यावर सासूबाई बोलिल्या, "अगं, तो उशीचा अभ्रा आहे! त्यात मी कपडे भरून आणले होते. पण आता चिमटा लावलास, ने. तुझाच तो."

तेव्हा जाऊबाई आतल्या खोलीतून हिरवा कोट घेऊन आल्या. घेतल्यापासोन खांद्याला सैल म्हणोन त्यांनी तो घातलाच नव्हता. गळा सरळ, खांदे ताठ, ऐसा की आत कोणीही उभे केले तरी व्यवस्थापक दिसावे. वहिनीसाहेबांनी मूठ उघडली. मूठ रिकामी.

शेजारच्या औषधवाल्या बाई, ज्यांनी आतापावेतो एकही कपडा उचलला नव्हता, त्या एकच चिमटा दातांत धरोन भिंतीस टेकल्या होत्या. त्यांनी तो शांतपणे काढिला आणि कोटाच्या गळपट्टीस लाविला.

मग वाटाघाट मांडली. वहिनीसाहेबांनी आपले सारे जिंकलेले कपडे, ज्यातला एकही अंगास होत नव्हता, देऊ केले. औषधवाल्या बाईंनी एकेक उलटा करोन पाहिला आणि म्हणाल्या, "हे मी फुकटसुद्धा नेणार नाही हो. अंगातला सदरा द्या, कोट सोडते."

"अंगातला? अहो, घरी काय घालून जाऊ?"

"कोट आहे की!"

न्यायासनाकडे दाद मागितली. सासूबाईंनी टोपली खाली ठेवोन निवाडा दिला जे, राजीखुशीचा सौदा आहे, मी कोण. मात्र न्हाणीघराची कडी आतून नीट लागत नाही, तेवढी धरोन बदला. वहिनीसाहेब किंचित थबकल्या, सोमवार आठवला, आणि आत गेल्या. क्षणाने दारातून निळा सदरा बाहेर आला, कोट आत गेला, आणि तह पुरा जाहला.

परतीची वाट भर उन्हाची. जाड लोकरी कोट गळ्यापावेतो बटणे लावोन वहिनीसाहेब चालल्या, घामाच्या धारा कपाळावरोन, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराने, "ताई, ताप आहे का?" म्हणोन पुसले, तरी बटण सोडिले नाही. दारात दादासाहेब उभे. ते काही बोलणार, इतक्यात वहिनीसाहेबांनी "एक शब्द नको" ऐसे फर्मान काढिले, आणि त्यांनी ते मानिले.

सोमवारी कपाट उघडले, तो दार मोकळे लागते आणि आत घालण्यास काही नाही. वेळ थोडा. मग शेजारच्या कपाटावर छापा जाहला आणि दादासाहेबांचा पांढरा शर्ट, बाह्या दुमडोन, कोटाखाली रुजू जाहला. मुलाखतीत मोठे डॉक्टर दयाळूपणे म्हणाले, "उकडतंय, कोट काढून बसा ना." वहिनीसाहेबांनी ताठ उत्तर केले, "नको सर, मला कामात असंच बरं वाटतं." हे ऐकोन त्यांचा बहुत अनुकूल ग्रह जाहला. आतले दालन, मेज आणि दार वहिनीसाहेबांचे हवाली जाहले.

मंगळवारीही कामावर जाणे आहे, आणि बुधवारीही, हे कोणाचे ध्यानी आले नव्हते. हल्ली दादासाहेब सकाळी अर्धे उघडे कपाटापुढे उभे राहोन पुसतात, "माझा पट्ट्यांचा शर्ट पाहिलास का गं?" आणि उत्तर येते, "मीटिंगला गेलाय." सबब नोंद करण्यात येते जे, कोट सर जाहला, जागा सर जाहली, आणि यजमानांचे कपाट विनाशर्त खालसा होऊन नव्या दालनाचे खर्चास लावून दिले आहे.