मालिनात्सचं तुलना प्रपत्र

मालिनात्स गावात कुठल्याही खेळाडूला, तो कुणासारखा आहे हे ठरल्याशिवाय बास्केटबॉल क्लबच्या मोठ्या संघात खेळता येत नाही. नियम जुना नाही. तीन वर्षांपूर्वी गावाने एका पोराला गावच्या जुन्या ताऱ्यावरून 'दुसरा लोमिच' म्हणून खांद्यावर घेऊन मिरवलं आणि तो पहिल्याच मोसमात दुसऱ्या गावच्या पोरीशी लग्न करून तिच्या वडिलांच्या पिठाच्या गिरणीवर बसला. त्यानंतर सर्वसाधारण सभेने तुलना समिती नेमली, प्रपत्र छापलं आणि एक गोल शिक्का करून घेतला.

समितीचे अध्यक्ष ब्लागोये, निवृत्त भूमापक. चिटणीस देसांकाबाई, शिक्का त्यांच्या पर्समध्ये. प्रशिक्षक विदोसाव याला समितीत बसायचा अधिकार होता, बोलायचा नव्हता.

त्या सोमवारी समितीपुढे तादिया आला. वय सतरा, पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू आणायचा, चौघांना खेळवायचं आणि शिव्या स्वतः खायच्या. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत त्याचं नाव संघाच्या यादीत गेलं नाही, तर साडेबाराच्या बसने तो परदेशी, ग्रात्सला मामाकडे जाणार होता, फरश्या बसवायला. मामाने गुडघ्यांच्या गाद्यासुद्धा घेऊन ठेवल्या होत्या. वीस वर्षांत विदोसावने असा पोरगा पाहिला नव्हता. त्याचा खेळ बघताना त्याला सिगारेट पेटवायची आठवण राहत नसे.

समितीने दोन तास निरीक्षण केलं. वाऱ्याच्या झोताने मान आखडते म्हणून क्रीडागृहाच्या सगळ्या खिडक्या गच्च बंद होत्या आणि आत पोरं उकडून निघत होती. शेवटी ब्लागोयेंनी चष्मा पुसला आणि निकाल वाचला: पास देणं, लोमिचसारखं, सत्तर टक्के. मैदानावरची नजर, राष्ट्रीय संघाच्या रादोयिचसारखी, पंचावन्न टक्के.

"बेरीज सव्वाशे होते," देसांकाबाई म्हणाल्या.

"तीच तर अडचण आहे. शंभर आर जमिनीत सव्वाशे आर बसवणारे लोक मी चाळीस वर्षं कचेरीतून हाकललेत. हा पोरगा पंचवीस टक्के जास्त आहे."

"मग आता?" विदोसावला राहवलं नाही.

"त्याला सांग, जरा कमी चांगलं खेळ."

विदोसावने सांगितलं. तादियाने भुवया वर केल्या. "सर, कुठल्या बाजूने कमी?"

"दोन्हीकडून थोडं थोडं. आणि घाई कर रे बाबा."

मंगळवारी तादियाने जिवाचं रान करून वाईट खेळ केला. लोमिच साठ, रादोयिच चाळीस, बरोब्बर शंभर. देसांकाबाईंनी शिक्क्यावर वाफ सोडली, आणि तेवढ्यात, सराव संपता संपता, त्या पोराने घात केला. डावीकडे धावत गेला, सगळं क्रीडागृह डावीकडे वळलं, आणि त्याने न बघता पाठीमागून सोडलेला चेंडू दोघांच्या पायांमधून टप्पा खाऊन उजव्या कोपऱ्यातल्या गड्याच्या हातात पडला.

देसांकाबाईंचा शिक्का हवेतच राहिला. मग ब्लागोये गंभीर झाले. "हा पास कुणाचा?"

"माझाच," तादिया म्हणाला.

"तसा रकाना नाही."

त्यावर तोडगा असा निघाला की खुद्द लोमिचला बोलवावं आणि त्याच्याकडून तो पास एकदा टाकून घ्यावा, म्हणजे तो पास प्रस्थापित होईल आणि मग पोराला त्याच्यासारखा म्हणता येईल. श्वेतोझार लोमिच गावातच होता. वय चौपन्न, रासबेरीच्या शीतगृहाचा मालक, पोट प्रशस्त. बुधवारी तो आलुबुखाराची दारू घेऊन हजर झाला. समितीने ती आधी तपासली, दोनदा. मग नियमानुसार आधारमापन म्हणून लोमिचची तुलना लोमिचशी करण्यात आली.

लोमिच धावला. निदान तसा त्याचा उद्देश दिसत होता. चेंडू भिंतीवर आपटून देसांकाबाईंच्या कॉफीत उतरला.

"एक्केचाळीस टक्के," ब्लागोये म्हणाले.

"एवढे तरी कसे भरले?" लोमिच दम खात हसला. "अरे, त्या पोराला खेळवा ना! मला काय तुम्ही मोजून घेतलं होतं? चौघांना गालगुंड झालं होतं, पाच जण भरेनात, म्हणून उभा केला मला."

"आपलं मत ग्राह्य धरता येत नाही, श्वेतोझार. पन्नासच्या खाली गेल्यामुळे आपण आता तारा नाही."

लोमिचचं नाव प्रपत्रातून खोडलं गेलं आणि त्याबरोबर तादियाचे साठ टक्केही उघडे पडले. रादोयिचचे चाळीस जागेवर होते. उरलेला पोरगा कायद्याच्या दृष्टीने बेवारस होता. बेवारस जमिनीचं काय करायचं हे भूमापकाला कोणी शिकवायला नको. गुरुवारी सकाळी क्लबच्या दारावर सूचना लागली: सदर खेळाडूचा साठ टक्के भाग आपल्यासारखा असल्याचा ज्यांचा दावा असेल, त्यांनी पुराव्यासह तीस दिवसांत अर्ज करावा.

संध्याकाळपर्यंत अकरा अर्ज आले. पोस्टमन, बेकरीवाला, दंतवैद्य, पाद्रीबुवांचा भाऊ. तरुणपणी आपण हुबेहूब असेच होतो, असं प्रत्येकाचं म्हणणं होतं. अकराही जणांचा गुडघा ऐनवेळी निकामी झाला होता आणि तोही नेमका डावा. दंतवैद्याने तर पँट वर करून दाखवली.

"सुनावणी क्रमाने घेऊ," ब्लागोये म्हणाले.

"ब्लागोयेकाका, उद्या बाराला यादी बंद होते!" विदोसाव ओरडला. "पोरगा आयुष्यभर फरश्या बसवेल!"

"मग बाकीच्या अकरांवर अन्याय करू?"

शुक्रवारी पावणेबाराला देसांकाबाईंनी पर्स उघडली, शिक्का टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मी कॉफी करायला चालले. माझी कॉफी उकळायला वीस मिनिटं लागतात, साऱ्या गावाला ठाऊक आहे."

विदोसाव एकटा उरला. कागद समोर होता, शिक्का समोर होता. 'कुणासारखा' या रकान्यात काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं. त्याने शिक्का उचललासुद्धा. मग मनात आलं, उद्या पोरगा फसला तर सगळं गाव विचारेल, कुणाला विचारून घेतलास? समितीचा कागद असला की कागदाला शिव्या बसतात.

दारात तादिया उभा होता, खांद्यावर पिशवी. "सर, काय करू? मामाला कळवायचंय."

विदोसावने शिक्का खाली ठेवला. "समितीचं होऊ दे रे. एवढी घाई काय?"

"बरं," तादिया म्हणाला. जाताना त्याने हात पुढे केला आणि विदोसावने तो खाली बघतच हातात घेतला. बस वेळेवर सुटली.

पुढची कथा मालिनात्सला टीव्हीवर कळली. तादिया ग्रात्समध्ये आठवडाभर फरश्या बसवायचा आणि रविवारी खेळायचा. कुणीतरी त्याला पाहिलं आणि कुणासारखा आहे हे न विचारता करारावर सही घेतली. दोन वर्षांनी एका शुक्रवारी संध्याकाळी गावच्या खानावळीत सगळे त्याचा सामना बघत होते. तो पास पडला. डावीकडे सगळे, उजवीकडे चेंडू. "माझाच पास!" दंतवैद्य उठून उभा राहिला. ब्लागोयेंनी खिशातून प्रपत्राची नवी आवृत्ती काढली. त्यात आता 'तादियासारखा' असा पहिलाच रकाना होता आणि त्या मोसमात चार पोरं त्यात नापास झाली होती.

विदोसावने ताट बाजूला सारलं. त्याला आपली लाज वाटली, खरीखुरी, आणि पोराचा अभिमान वाटला, तोही खरा. पुन्हा कुठल्याही पोराला कुणाच्या मापाने मोजणार नाही, अशी त्याने तिथल्या तिथे शपथ घेतली. घरी जाताना दोनदा डोळे पुसले.

दारातच धाकटी लेक स्तामेंका धावत आली. गणितात तिला पाचपैकी चार मिळाले होते. वही पाठीमागे लपवून तिने त्याला आधी ओळखायला लावलं.

"चार? शाब्बास गं माझी बाई!" विदोसावने तिला उचललं, गरगर फिरवलं, दोन्ही गालांचे पापे घेतले आणि खाली ठेवता ठेवता विचारलं, "आणि शेजारच्या मिलांकाला किती?"