भालेराव विचारून पुसतात

संगणकातली एक लग्नपत्रिका पुसायची म्हणून वधूपित्याची परवानगी मागायला एस.टी.ने बेल्ह्याला जाणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. त्याच्यासोबत मीही गेलो होतो, हे आधीच कबूल करतो.

दशरथ भालेराव यांचे टंकलेखनाचे दुकान जुन्नरच्या बाजारपेठेत, आमच्या बोळाच्या तोंडाशी होते. आठ बाय दहाची खोली. पूर्वी तिथे दोन टंकयंत्रे खडखडत असत. शतक बदलण्याच्या सुमारास भालेरावांनी पुण्याहून एक वापरलेला संगणक आणला, त्याच्या डोक्यावर बुद्धाची बोटभर उंचीची मूर्ती ठेवली आणि दुकानात चपला घालून येण्यास मनाई केली. मनाई म्हणजे, ते प्रत्येकाला विचारीत, "चपला काढता का?" समोरचा नाही म्हणाला, तर "बरं," म्हणत.

विचारणे हा त्यांचा स्वभाव नव्हता, ते व्यसन होते. "इचारून घेतलेलं बरं," हे त्यांचे पालुपद. एस.टी.तल्या रिकाम्या बाकावर बसताना ते शेजारच्याला विचारीत. शेजारी कोणी नसले तर मागच्याला. अर्ज टंकताना 'विनंती'च्या आधी 'नम्र' घालावे की नाही, हे विचारण्यासाठी ते अर्जदारामागे चहाच्या टपरीपर्यंत जात. दुकानाच्या खुर्चीत मांजर झोपले असेल, तर सकाळचे सगळे काम उभ्याने करीत. मी एकदा म्हणालो, "भालेराव, मांजराला उठवा."

"कसं उठवू, सर? त्याला इचारता येत न्हाई."

मी या गावात सव्वीस वर्षे मुख्याध्यापक होतो. असला युक्तिवाद मी आठवीच्या मुलाकडूनही ऐकून घेतला नसता. भालेराव माझे विद्यार्थी नव्हते, त्यामुळे इलाज नव्हता.

आमच्या शाळेला पन्नास वर्षे झाली आणि स्मरणिका काढायचे ठरले. संपादन माझ्याकडे, टंकन भालेरावांकडे. लेख टंकून झाले. राहिली होती चाळीस छायाचित्रे. ती संगणकात चढवायची आणि शनिवारी सकाळच्या गाडीने संगणकाचा लोखंडी डबाच उचलून पुण्याच्या छापखान्यात न्यायचा, असे ठरले होते. शनिवार चुकला तर समारंभाला स्मरणिका मिळणार नाही, असे छापखानेवाल्याने बजावले होते.

सोमवारी पाचव्या छायाचित्राला संगणकाने पडद्यावर एक चौकट काढली. डिस्कवर जागा शिल्लक नाही.

नारायणगावचे थोरात संगणक दुरुस्त करीत. त्यांना बोलावले. त्यांनी आत पाहिले आणि डोक्याला हात लावला. संगणक आल्यापासूनची प्रत्येक पत्रिका, प्रत्येक अर्ज, दशक्रियेचे प्रत्येक पत्रक आत होते. भालेरावांनी आजवर एक अक्षर पुसलेले नव्हते.

"भालेराव, ही हजार लग्नं कशाला सांभाळलीत? पुसा की, राव! पाच मिन्टाचं काम."

"लोकांचं हाये ते."

"लोकांनी पत्रिका छापून नेल्या, जेवणं उठली, पोरं शाळंत गेली. आता काय करायचंय लोकांना?"

"इचारून घेतलेलं बरं."

थोरातांनी माझ्याकडे पाहिले. मी विचारले, "हे सगळे फ्लॉपींवर उतरवता येणार नाही?" भालेरावांनी कपाटातून एक खोका काढला. मागच्या पावसाळ्यात त्यांनी तोच प्रयोग केला होता. प्रत्येक फ्लॉपीला बुरशी आली होती. नवी डिस्क पुण्याहून यायला आठ दिवस लागणार होते, आणि आमच्याकडे पाच होते.

त्याच दुपारी भालेरावांनी शंभर पानी वही आणली, पानावर दोन उभ्या रेघा मारल्या आणि तीन रकाने केले: नाव, गाव, उत्तर. सगळ्यांना विचारणे शक्य नव्हते, हे त्यांनाही कळत होते. म्हणून त्यांनी सर्वांत जुन्या कामांपासून चाळीस नावे काढली. "जुन्याला आधी इचारायचं," ते म्हणाले. मी पहिले पान पाहू लागलो, तेव्हा त्यांनी वही मिटली. तेव्हा मला त्याचे कारण कळले नाही.

जुन्नरमधले वीस जण त्यांनी मंगळवारी पायी फिरून संपवले. बाहेरगावचे बेल्हे आणि डिंभ्याकडचे होते. बुधवारी आम्ही बेल्ह्याला गेलो. मी का गेलो? स्मरणिकेची काळजी होती. शिवाय हा मनुष्य वाटेत आणखी कोणाला काय विचारत बसेल, याचा भरवसा नव्हता.

त्या दिवशी बेल्ह्यात बैलबाजार होता. हौशीराम नावाचे एक व्यापारी बैलांच्या दावणीशी उभे होते. त्यांच्या मुलीची पत्रिका भालेरावांनी केली होती. भालेरावांनी नमस्कार केला आणि सरळ विषयाला हात घातला.

"पावणं, तुमच्या लेकीची लग्नपत्रिका माझ्याकडं हाये. ती पुसली तर चालंल का?"

हौशीरामांच्या हातातला कासरा तसाच राहिला. "पुसायची? का? जावई काय बोलला का?"

"जावयाचा काय संबंध न्हाई. जागा न्हाई म्हणून."

"कुठं जागा न्हाई?"

"डब्यात."

हौशीरामांनी शेजारच्या दोघा व्यापाऱ्यांना हाक मारली. आता आमच्याभोवती सात माणसे आणि चार बैल जमले. एकाने विचारले, "पत्रिका पुसली तर लगीन मोडतं का?" दुसरा म्हणाला, "कागूद न्हाई म्हंजी पुरावा न्हाई. उद्या सासरची मानसं म्हनली, लगीनच न्हाई झालं, तर?" तिसऱ्याने माझ्याकडे बोट दाखवले. "ह्ये कोन? वकील?" मी मुख्याध्यापक असल्याचे सांगितले. त्यामुळे संशय वाढला.

मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत समजावले. पत्रिका कागदावर छापली, ती वाटली गेली, विवाह पार पडला. संगणकात राहिली ती केवळ तिची सावली. हौशीरामांनी सगळे शांतपणे ऐकले आणि मान हलवली. त्यांच्या मते दोन शहाणी माणसे गाडीभाडे खर्चून सावली पुसायला येत नाहीत. यांना दुसरेच काहीतरी हवे आहे. त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, भालेरावांचा हात धरला आणि दोन्ही हातांवर उपरणे टाकले. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली बोटे दाबून ठरवतात.

भालेराव गोंधळले, पण सभ्यपणा त्यांच्या अंगात मुरला होता. हौशीरामांनी बोटे दाबली, त्यांनीही दाबली. हौशीरामांनी पुन्हा दाबली, भालेरावांनी तितक्याच आदराने परतफेड केली. मग हौशीराम हसले, उपरणे झटकले आणि भालेरावांच्या पाठीवर थाप मारली.

"सर, काय झालं?" भालेरावांनी मला हळूच विचारले.

"बहुधा तुम्ही एक गोऱ्हा घेतलात."

तो व्यवहार मोडायला पाऊण तास लागला. शेवटी हौशीराम वैतागून म्हणाले, "पुसा, बाबा, काय पुसायचं ते पुसा! पर पोरीचं नाव नगा पुसू." भालेरावांनी वहीत लिहिले: 'पत्रिका पुसावी. नाव ठेवावे.' हे करायचे कसे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि मलाही नाही.

गुरुवारी डिंभ्याला गेलो. धरणाच्या कडेला सखूबाई नावाच्या बाई मासे वाळवीत बसल्या होत्या. त्यांच्या यजमानांच्या दशक्रियेचे पत्रक भालेरावांकडे होते. बाईंनी प्रश्न दोनदा विचारून घेतला.

"नाव हाये का त्यांचं त्याच्यात?"

"हाये, मावशी. फोटोबी हाये."

"मंग ऱ्हाऊ द्या की. ते काय खायला मागत्यात का?"

भालेरावांनी लिहिले: 'राहू द्यावे.' निघताना बाईंनी आम्हाला जबरदस्तीने चहा पाजला. परतीच्या गाडीची वेळ नक्की नव्हती. दोन तास आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. समोर धरणाचे पाणी पसरलेले होते. मी पाण्याकडे तोंड करून बसलो होतो. भालेराव सबंध वेळ पाठ करून. मी मनातल्या मनात त्यांना विक्षिप्त ठरवले आणि घड्याळ पाहिले.

शुक्रवारी हिशेब लागला. चाळीसपैकी तिघे सापडले नाहीत, एक नाव विचारायचे राहिले होते, बावीस जण 'राहू द्या' म्हणाले होते, आणि चौदा जणांनी परवानगी दिली होती. सुदैवाने त्या चौदांत दोन मोठ्या घरची लग्ने होती, मोठमोठ्या चित्रांची. भालेरावांनी ती चौदा कामे एकेक करून पुसली. प्रत्येकाआधी वहीतली ओळ मोठ्याने वाचली. हौशीरामांच्या मुलीचे नाव त्यांनी आधी वहीच्या शेवटच्या पानावर स्वच्छ अक्षरांत लिहून घेतले.

मग छायाचित्र चढवले. पुन्हा तीच चौकट. जागा शिल्लक नाही.

मी खुर्चीत बसलो. थोरातांना दूरध्वनी लावला.

"टोपली रिकामी केली का?" त्यांनी विचारले.

"कोणती टोपली?"

"पुसलेलं सगळं आधी कचऱ्याच्या टोपलीत जाऊन पडतं, सर. पडद्याच्या कोपऱ्यात बघा. ती रिकामी करंस्तोवर जागा व्हत न्हाई."

कोपऱ्यात खरोखरच टोपलीचे लहानसे चित्र होते. भालेरावांनी ते उघडले. चौदाही कामे आत होती. त्यांचा चेहरा उतरला.

"लोकांची लग्नं कचऱ्यात टाकली आपण?"

"आता टोपली रिकामी करा."

"त्यांनी पुसायला व्हय म्हनलंय, सर. कचऱ्यात टाकायचं आपण त्यांना सांगितलं न्हाई." त्यांनी वही उचलली. "परत इचारून यावं लागंल."

सव्वीस वर्षांत मी वर्गात आवाज चढवला नव्हता, कारण गरज पडली नव्हती. त्या दिवशी चढवला. मी म्हणालो की हा शुद्ध मूर्खपणा आहे. उद्या सकाळी गाडी आहे. पन्नास वर्षांच्या शाळेची स्मरणिका एका टोपलीपायी अडली आहे. आणि जगात कोणीही, कधीही, काहीही पुसताना असे दारोदार हिंडत नाही.

"व्हय," भालेराव म्हणाले. "कुणी इचारत न्हाई."

मग ते बोलले. वही मांडीवर होती आणि आवाज अर्ज वाचून दाखवावा तसा सपाट होता.

त्यांची वाडी डिंभ्याच्या पाण्याखाली गेली. लहानपणी ते शिकायला जुन्नरच्या वसतिगृहात राहिले. आईला लिहिता येत नव्हते. मुलगा घरी नसेल त्या प्रत्येक दिवशी ती दाराच्या आतल्या बाजूला चुन्याचा एक ठिपका काढी. सुटीत मुलगा आला की दोघे ते ठिपके पाहत. आई गेली, ठिपके राहिले. वाडी उठायची वेळ आली, तेव्हा भालेराव टंकलेखनाच्या परीक्षेसाठी महिनाभर पुण्याला होते. वडिलांनी घर मोकळे केले. कौले, वासे, जाते सोबत नेले. दार घोडेगावच्या एका गिरणीवाल्याला दिले.

"गिऱ्हाईक डाग बघून नगं म्हनंल, म्हनून बाबांनी दार चिंचंनं घासून धुतलं," भालेराव म्हणाले. "बाबांचा दोष न्हाई. त्यांना म्हाईत नव्हतं. म्या कधी सांगितलं न्हाई. त्यांनी इचारलं न्हाई."

"ते दार आहे अजून?"

"हाये. हिरवा रंग दिलाय. एकदा जाऊन हुबा ऱ्हायलो व्हतो. गिरणीवाला म्हनला, काय दळायचंय? म्या म्हनलं, काय न्हाई."

 

मी वही मागितली. चौदा नावांपुढे एकेक करून माझी सही केली आणि खाली लिहिले: 'टोपली रिकामी करण्याची जबाबदारी माझी.' भालेरावांनी ते दोनदा वाचले. मग ते उठले, उभ्यानेच कळ दाबली आणि हात जोडले. जागा झाली. चाळिसावे छायाचित्र चढले, तेव्हा बाहेर दिवेलागण झाली होती.

मी चपला पायांत सरकवत होतो, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"सर, एक नाव इचारायचं ऱ्हायलंय."

"कोणाचे?"

त्यांनी वहीचे पहिले पान माझ्यासमोर धरले. यादीत पहिले नाव माझे होते.

"तुमचं निरोपाचं भाषण. संगणक आणला त्याच वर्षी टंकून दिलं व्हतं. पाच पानं. पुसू?"

निवृत्तीच्या दिवशी ते भाषण माझ्या खिशात होते. मी व्यासपीठावर उभा राहिलो, दोन वाक्ये बोललो आणि खाली बसलो. घरी आल्यावर ती पाने चुलीत घातली. त्यात काय लिहिले होते, हे जगात दुसऱ्या एकाच माणसाला ठाऊक होते. तो आता हातात पेन्सिल घेऊन माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

भालेरावांनी तिसऱ्या रकान्यात लिहिले: 'उद्या.'

शनिवारी आम्ही तो डबा आळीपाळीने मांडीवर घेऊन पुण्याला नेला. स्मरणिका वेळेवर निघाली. त्यानंतर दुकानात दोन संगणक बदलले, आणि प्रत्येक वेळी जुन्यातले सगळे नव्यात आले. मी रोज त्या दुकानावरून जातो. भालेराव अजून प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट विचारतात. मला मात्र त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही.