सुटली म्हण!

शांतवन मास्तरांसमोर शपथ घ्यायची सोय नव्हती. तुम्ही नुसतं 'आईच्यान सांगतो' म्हणालात, की हा बुवा जागच्या जागी थांबायचा, उजव्या हाताचं बोट तुमच्या नाकासमोर धरायचा आणि म्हणायचा, "सुटली म्हण." लहान पोरं एकमेकांना शपथ घालतात आणि घालणारा 'सुटली' म्हणेपर्यंत ती सुटत नाही, तसलाच प्रकार. फक्त इथली पोरं म्हणजे मिशीवाले, तीन-तीन लेकरांचे बाप आणि जागा म्हणजे पिंपरीचा औषधाचा कारखाना.

एकदा चिखलीच्या बाबूवर ब्रश चोरल्याचा आळ आला. तो म्हणाला, "खंडोबाची आन, म्या न्हाई घेतला!" मास्तरांनी सरळ पाण्याचा कॉक बंद केला. चाळीस माणसं साबणाच्या हातांनी उभी. बाबूला वाटलं, आता 'सुटली' म्हटलं तर चोरी कबूल केल्यासारखं व्हायचं. तो म्हणेना, मास्तर पाणी सोडेनात. शेवटी आम्हीच ओरडलो, "म्हण की रं मुडद्या!" तेव्हा कुठं तो म्हणाला आणि बाटल्यांचा खळखळाट पुन्हा सुरू झाला. ब्रश मास्तरांच्याच स्टुलाखाली निघाला, ते सोडा.

पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. कारखाना नवाकोरा आणि आम्ही आसपासच्या गावांतले, नांगर सोडून पाळ्या करायला आलेले. मी किसन, चऱ्होलीचा. बाटल्या धुण्याच्या खात्यात होतो आणि मास्तर आमचे मुकादम. मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. तिकडं मिशनच्या शाळेत शिकवायचे, ती नोकरी सोडून इकडं का आले हे कुणाला ठाऊक नव्हतं. उंच, वाळलेला माणूस, भर वैशाखात बंद गळ्याचा कोट. नाव शांतवन, म्हणजे सांत्वन, पण त्यांच्या तोंडाकडं बघून कुणाला धीर आल्याचं मी तरी ऐकलं नाही.

शाळा सुटली तरी शिकवायची खोड काही सुटली नव्हती. विषय एकच, शौल राजा. हा त्यांच्या शास्त्रातला इस्राएलाचा पहिला राजा. चारचौघांत उभा राहिला की सगळ्यांच्या डोक्यावरून दिसायचा म्हणे, आणि बुडाला तोही सगळ्यांना दिसेल असा. मास्तरांनी त्याच्या बुडण्याचे नंबरवार धडे पाडले होते. पहिला धडा, राजा निवडायच्या दिवशी तो सामानसुमानात लपून बसला. आमचा फोरमन मशीन बिघडलं की स्टोअरमध्ये पसार व्हायचा. मास्तर स्टोअरच्या दाराशी जाऊन म्हणायचे, "धडा पहिला. बाहेर या, महाराज."

दुसरा धडा मेंढरांचा. लुटीतलं काही ठेवू नकोस असं देवानं बजावलेलं असताना शौलानं चांगली पोसलेली मेंढरं ठेवून घेतली आणि वर साळसूदपणे म्हणाला, मी सगळं सांगितल्याप्रमाणं केलं. देवाच्या संदेष्ट्यानं विचारलं, मग हे बें बें कशाचं ऐकू येतंय? पाळी सुटताना कुणी कमरेला साबणाची वडी खोचली की मास्तर कानाला हात लावायचे. "मेंढरं ओरडतायत का रे कुठं?" वडी आपली मुकाट्यानं जागेवर जायची. आम्ही सगळे माळकरी, पण शौल राजा आम्हाला मामाच्या गावचा पाटील असावा इतका ओळखीचा झाला होता.

आणखी दोन गोष्टींचं आम्हाला नवल वाटायचं. एक म्हणजे तिसऱ्या धड्यानंतर मास्तर एकदम पाचव्यावर जायचे. चौथा विचारला की म्हणायचे, "तो वर्गात शिकवत नाहीत." दुसरं म्हणजे त्यांचे डबे. रोज दोन आणायचे. एक खायचे आणि दुसरा तसाच भरलेला संध्याकाळी घरी न्यायचे. कुणाला घासभर दिला असेल तर शपथ. (आज मास्तर असते तर हे लिहिताना माझाही हात धरला असता.) आम्ही त्याला शौलाचा नैवेद्य म्हणायचो.

मग दस्तगीरचं प्रकरण झालं. दस्तगीर फिटर, सोन्यासारखा माणूस. कँटीनच्या डाळीत अळ्या निघाल्या तेव्हा त्यानं ती वाटी मोठ्या साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याला फाटकाबाहेर काढलं. माझं डोकं सणकलं. तेव्हा मी तापट होतो, आणि चार माणसं माझं ऐकतात याची मस्तीही होती. मी फाटकाजवळच्या चिंचेखाली सगळ्यांना गोळा केलं आणि बेलाचं पान नि भंडारा प्रत्येकाच्या हातावर ठेवला. बेलभंडार उचलून दिलेला शब्द मोडायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. शपथ मीच सांगितली. दस्तगीरला परत घेईपर्यंत पाळीत कुणी अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. कँटीन तर नाहीच, घरचा डबाही नाही. माणसं चक्कर येऊन पडलेली साहेबाला दिसली पाहिजेत. "आन जो मोडंल," मी म्हणालो, "त्याचं हातपाय मोडून फाटकाभाईर टाकीन. मंग त्यो माझा सख्खा भाऊ का असंना!"

मास्तर गर्दीतून पुढं आले. "किसन, पोटाची शपथ घालू नकोस. सुटली म्हण."

"मास्तर," मी म्हणालो, "तुमचा राजा बुडाला म्हणून आमी बी बुडायचं व्हय?"

सगळे खो खो हसले. मास्तर आत गेले.

तीन दिवस निघाले. चौथ्या दिवशी दुपारी बॉयलरकडून आरडाओरडा झाला. माझा धाकटा भाऊ नामा बॉयलरवर कोळसा मारायचा. त्या धगीत त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, म्हणून त्यानं धोतराच्या सोग्यातला गुळाचा खडा तोंडात टाकला आणि कुणीतरी ते पाहिलं. बोराएवढा खडा! त्याला धरून माझ्यासमोर आणला तेव्हा त्याच्या ओठाला अजून गूळ लागलेला होता.

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी लोखंडी कांब उचलली. खरं सांगतो, मला मारायचं नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि भावाला सोडला तर उद्या मला कोण विचारणार, एवढं एकच डोक्यात होतं. नामा पळाला नाही. म्हणाला, "मार दादा. खाल्लाय म्या." कांब वर गेली.

आणि मध्ये शांतवन मास्तर उभे राहिले, तोच कोट घालून.

"चौथा धडा ऐक," ते म्हणाले. "लढाईच्या दिवशी शौलानं लष्कराला शपथ घातली. संध्याकाळपर्यंत जो खाईल तो मरेल. त्याच्या पोराला ते ठाऊक नव्हतं. त्यानं रानातला मध काठीच्या टोकाला लावून चाखला. राजा म्हणाला, पोर असलं तरी मारीन. सगळं लष्कर मध्ये पडलं, म्हणून पोर वाचलं."

"बाजूला व्हा मास्तर."

"माझा प्रभाकर तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायला गेला," मास्तर म्हणाले. आवाज वर्गातल्यासारखाच, एका पट्टीत. "मी उपासनेत सगळ्या मंडळीसमोर शपथ घेतली. तो फड सोडीपर्यंत माझ्या घरात त्याला अन्नाचा कण मिळणार नाही. एकदा तो तापानं फणफणलेला दारात आला. भाकरी मागितली. त्याची आई उठली. मी म्हणालो, शपथ आहे. ती खाली बसली. सगळी आळी बघत होती रे किसन. मास्तरांना कोण बोलणार? तो गेला. तिसऱ्या दिवशी निरोप आला. तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्या कानाशी तोंड नेऊन मी सुटली, सुटली म्हणत बसलो. तो आधीच गेला होता."

मास्तरांनी बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"माझ्या पोराच्या वेळी कुणी मध्ये पडलं नाही. मी पडलोय. आता मार, नाहीतर सुटली म्हण."

माझ्या हातातली कांब कधी खाली पडली ते मला कळलं नाही. मी "सुटली" म्हणालो आणि सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडलो. लाज वाटली, आजही वाटते.

मास्तर आपल्या स्टुलाकडं गेले आणि दुसरा डबा घेऊन आले. नामाला खाली बसवून त्यांनी तो त्याच्यापुढं उघडला. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, लसणाची चटणी. "खा लेकरा," म्हणाले. "प्रभाकरची आई त्याच्यासाठी रोज भरते. सकाळी दोन डबे दाराशी ठेवते, तोंडानं अवाक्षर नाही. अकरा वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही."

नामानं शेवटचा तुकडासुद्धा ठेवला नाही. मास्तर त्याच्याकडं बघत उकिडवे बसून होते.

आमची एकजूट त्याच दिवशी मोडली. दस्तगीरला परत घेतलं नाही. त्यानं पुढं कॅम्पात सायकलचं दुकान टाकलं आणि कित्येक दिवस मी त्या रस्त्यानं गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पहिल्यांदाच उशिरा आले. मी फाटकाशी थांबलो होतो. तेच म्हणाले, "काल तिनं डबा हातात घेतला. हलका लागला. उघडून बघितला आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, 'कोण जेवलं?'"

"बोलल्या?"

"हो. मी म्हटलं, आहे एक बॉयलरवरचा. झोपायच्या आधी म्हणाली, 'त्याला तिखट चालतं का?'"

मास्तरांनी दोन्ही डबे एका हातात घेतले आणि दुसऱ्या हाताच्या बाहीनं डोळे पुसले.

"जा, विचारून ये ना त्याला," ते म्हणाले. "मला आज घरी जाऊन सांगायचंय."