तेल कितव्या खेपेचं?

ज्ञानोबाकाकांपुढं कुणी भज्यांची ताटली ठेवली, की ते आधी वास घेतात आणि मग विचारतात, "तेल कितव्या खेपेचं?" लग्नात आचाऱ्याला विचारतात, बारशाला यजमानाला विचारतात. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. पाहुण्यांनी उचललेली भजी परत ताटलीत ठेवली. हा किस्सा मी खूप वेळा रंगवून सांगितला आहे. आता सांगताना मान खाली जाते.

काका वालूरला आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. देवगाव फाट्यावर त्यांचं भज्यांचं हॉटेल होतं, दोन वर्षांपूर्वी बंद केलं. तेव्हापासून त्यांच्या खिशात वर्तमानपत्राचं एक कात्रण असतं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाच्या धुरात अ‍ॅक्रोलिन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हातारपणीच्या आजारांशी त्याचा संबंध असावा, असं त्यात छापलंय. काका या अ‍ॅक्रोलिनबद्दल भावकीतल्या माणसासारखं बोलतात. "लय हरामी हाय तो. दिसत न्हाई. गुमान शिरतो अन् डोक्यात जाऊन बसतो."

दुसऱ्या खिशात त्यावरचा उतारा. हळद, वाळला आवळा आणि शेवग्याच्या पाल्याची भुकटी, चुन्याच्या डबीत भरलेली. आपण नको म्हणेपर्यंत चिमूट चहात पडलेली असते.

मी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, वजनकाट्यावर आहे. आकडा नसलेलं बोलणं मला पोकळ वाटतं, आणि या स्वभावाचा मला अभिमान होता.

गेल्या पौषात आमच्या रानात हुरडा केला. सतरा माणसं. गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत भाजलेली कणसं चोळून सगळे गरम गरम खात होते. काका मात्र चष्मा लावून दाणे निवडत होते. हिरवा रुमालात, करपलेला बाजूला. मी मोजले. पन्नासांत अकरा बाद.

"काका, असे किती काळे दाणे खाल्ले की माणूस मरतो?" सगळ्यांना ऐकू जाईल असं मी विचारलं. "आकडा सांगा."

"आकडा न्हाई बापू."

"अन् तुमच्या डबीनं किती वाचले?"

"तेबी म्हाईत न्हाई."

"मग आमच्या तोंडची चव कशाला घालवता? तीस वर्षं फाट्यावर काळं तेल तुम्हीच खाऊ घातलं की!"

मला धरून सोळा जण हसले. सतरावा माणूस रुमालाला गाठ मारून उठला. "येतो," म्हणाला. "खाल्ला नाही, पण बांधून बरोबर नेला," असं मी मागून म्हणालो आणि पुन्हा हशा झाला.

डबी तिथंच राहिली होती. संध्याकाळी ती द्यायला गेलो. ओसरीवर काकू बसल्या होत्या. हॉटेल बंद झाल्यापासून त्या बाहेर दिसत नव्हत्या. काका म्हणायचे, गुडघे दुखतात. आम्ही ते खरं धरलं होतं. आता काका रुमालातला हुरडा एकेक दाणा करून त्यांच्या तळहातावर ठेवत होते.

"मी कोण ते उमगंना तिला," ते मला म्हणाले. "कढईपुढं हीच उभी असायची. धुरानं डोळे चुरचुरायचे. तेल बदला म्हणायची. मी म्हणायचो, अजून एक खेप चालतं." मग म्हणाले, "तुमी काट्यावरचे माणूस, बापू. खरं सांगताल. त्या धुरानंच झालं असंल का?"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"वय झालं म्हणतेत. बाकी सांगता येत न्हाई म्हणतेत."

"मलाही सांगता येत नाही, काका."

नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तर ते त्या रात्री झोपले असते. खोटं वजन मी कधी सांगितलेलं नाही. त्याची लाज मला पहिल्यांदा तिथं वाटली.

"दुपारी मी जे बोललो..."

"ऱ्हाऊ द्या. खरंच बोलले तुमी."

काकूंनी एक दाणा उजेडाकडं धरून न्याहाळला. मग फाट्यावर उतरलेल्या गिऱ्हाइकानं विचारावं तसं काकांना विचारलं, "ओ मालक, तेल कितव्या खेपेचं?"

हुरड्याला तेल नसतं. काका क्षणभरही अडखळले नाहीत.

"पहिल्याच," ते म्हणाले. "आत्ताच बदललं."

काकूंनी दाणा तोंडात टाकला.