फुगा, भजन आणि विमलताई

"आठ दिवसांत या गावच्या लेकराईच्या तोंडातून तो फुगा काढला नाही, तं नावाची विमल नाही!"

ही प्रतिज्ञा विमलताईंनी भर दिवेलागणीला, पेटत्या समईसमोर केली. कारणही तसंच होतं. त्यांची चौथीतली लेक समीक्षा हात जोडून, डोळे मिटून देवापुढं उभी राहिली आणि 'शुभं करोति'च्या जागी खड्या आवाजात म्हणाली,

"फुगा आला, फुगा आला, शंकरभाऊ मोठा झाला!"

आणि शेवटी हातातला फुगा फाट्‌कन फोडला! समई विझली. त्यांचे यजमान पुंडलिकराव यांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. देव तेवढे जागचे हलले नाहीत.

जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती. शंकरसिंगभाऊंनी मागच्या खेपेला फुगा या चिन्हावर निवडणूक लढवली होती, यंदाही तेच मागणार होते. म्हणून अर्ज भरायच्या आधीच त्यांचा कार्यकर्ता बबलू शाळेच्या फाटकाशी फुगे आणि भाऊंचा फोटो छापलेल्या वह्या वाटत उभा.

दुसऱ्या दिवशी विमलताईंनी त्याला गाठलं. "काहून रे बबलू, लेकराईले मत असते का?"

"मत नसते काकू, पर तोंड असते! अन् ते तोंड रोज घरी जाते!"

हेडमास्तर म्हणाले, "ताई, फाटकाच्या आत माझं चालते. बाहेर माझं घरीही चालत नाही!"

झालं! विमलताईंनी पदर खोचला. त्या गावच्या भजनी मंडळाच्या म्होरक्या. आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्या गळ्यात अशा मुरलेल्या, जसं लोणचं बरणीत. गाण्याला गाण्यानंच काढायचं, असं त्यांनी ठरवलं. तुरीच्या शेंगा सोलता सोलता त्यांनी भजन रचलं:

"पाटीवरती अक्षर, अक्षरात ईश्वर,
देव म्हणे, लेकरा, खरं बोल, खरं!"

टाळ वाजवणाऱ्या म्हाताऱ्या वच्छलाबाईंनी भजन ऐकलं आणि नाक मुरडलं. "शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव असते, विमल. तुहं नाव टाक. बेनावाचं भजन म्हंजे बेवारस बैल! ज्यानं दावं धरलं, त्याचा!"

"देवापुढं मी कोन, मावशी? नाव देवाचंच राहू द्या."

मारुतीच्या पारावर रोज शाळा सुटल्यावर तालीम सुरू झाली. भजन म्हणेल त्याला शिरा! तिसऱ्या दिवशी तीस लेकरं, चौथ्या दिवशी पन्नास. शिऱ्याला रवा पुरेना, पण गल्लोगल्ली "देव म्हणे, लेकरा" घुमू लागलं. फुगा गप्प! विमलताई पाणी भरायला निघाल्या तरी गड जिंकून आल्यासारख्या चालायच्या.

प्रतिज्ञेच्या सातव्या दिवशी दिग्रसच्या बाजाराची वेळ. भोंगा लावलेला ऑटो गावात शिरला आणि विमलताईंच्या हातातली घागर तिथंच थांबली.

"पाटीवरती अक्षर, अक्षरात ईश्वर,
भाऊ म्हणे, लेकरा, खरं बोल, खरं!"

देव खाली उतरले होते, भाऊ चढून बसले होते! बाकी सगळं जसंच्या तसं. आणि ऑटोमागं विमलताईंचीच पन्नास लेकरं, हातात फुगे घेऊन, टाळ्या पिटत! सगळ्यांत पुढं समीक्षा.

"आई! आपलं गानं गाडीवर आलं!"

मागून बबलू शाल-नारळ घेऊन हजर. "काकू, भाऊ लय खूश आहेत! म्हणे, असं गानं यवतमाळात पैसे देऊनही भेटत नाही!"

"त्या नारळानं तुहंच डोकस्कं फोडीन! पळ!"

वच्छलाबाई ओट्यावरून फक्त एवढंच म्हणाल्या, "बैल गेला वाटते."

त्या रात्री विमलताई जेवल्या नाहीत. सकाळी नवं भजन तयार होतं. आता नाव असं ठोकलं होतं, की कोणाच्या बापाला उपटता येऊ नये!

"फुग्यामधी हवा, हवेले ना गाव,
विमल म्हणे, लेकरा, शाळेकडं धाव!"

लेकरांनी प्रभातफेरीच काढली. घरोघर "विमल म्हणे!" दारोदार "विमल म्हणे!" दुपारी पुंडलिकराव वावरातून घाबरेघुबरे परतले.

"समीक्षाची माय, तू उभी हायस अन् मलेच माहीत नाही?"

"मी तं बसली हावो! गहू निवडून राह्यली!"

"अवं, निवडणुकीत! वावरापासून घरापर्यंत सात जणानं विचारलं, वहिनीले चिन्ह कोनतं भेटते म्हून!"

इतक्यात दारात जीप थांबली. खुद्द शंकरसिंगभाऊ, हात जोडून! मागं बबलू, काकूंच्या हातात काही नाही ना, हे बघत.

"ताई, उद्या अर्जाची शेवटची तारीख. तुमी अर्ज भरू नका. तुमच्या गान्यापुढं माहा फुगा टिकत नाही!"

विमलताईंनी तोंड उघडलं, 'मी कायले अर्ज भरू' म्हणायला. मग हळूच मिटलं. सुपातले दोन खडे शांतपणे वेचले.

"शाळेपुढं फुगा दिसन?"

"नाही दिसनार."

"वही? ऑटो? हा बबलू?"

"कोनीच नाही, ताई! मारुतीची शपथ!"

"मंग नाही भरत अर्ज. जा."

शब्द न् शब्द खरा! देवालाही बोट ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी शाळेचं फाटक रिकामं होतं आणि विमलताईंनी समईत तेल जरा जास्तच ओतलं. प्रतिज्ञेला आजच आठवा दिवस.

"ये समीक्षा, देवाचं म्हन आता."

समीक्षानं हात जोडले. डोळे मिटले. खड्या आवाजात म्हणाली, "विमल म्हणे, लेकरा, शाळेकडं धाव!"

"अवं, देवाचं म्हन, देवाचं!"

"पर आई, देवाच्या जागी तं आता तूच हायस ना?"

विमलताईंनी जीभ चावली, कान धरले आणि देवाकडं बघायचं टाळून वात सारखी करू लागल्या.

मागून पुंडलिकरावांनी, या वेळी चहाचा कप आधी खाली ठेवून, हळूच म्हटलं, "फुगा गेला, समीक्षाची माय. हवा तेवढी घरात राह्यली!"